न पाहिलेले तीन दवाखाने

शमीम आपा आमच्या कार्यालयात प्रोग्रामच्या चाचण्या लिहायच्या. चाचणीच्या डोक्यावर त्या एक ओळ टाकत : ‘पाहिलं – चांदूर बाजार, मंगळवार, स्टोअरकीपरसमोर.’ संगणक अशा ओळी वाचत नाही. त्या माणसांसाठी असतात. मी पहिल्यांदा वाचली तेव्हा हसलो होतो.

“आपा, हा पंचनामा कशाले?”

“गवाही आहे, भाऊ. खोटा माणूस उभा करायचा तर आधी खरा पाहा लागते.”

हा खोटा माणूस कोण, ते सांगतो. आमचा प्रोग्राम दुसऱ्या एखाद्या यंत्राला काही विचारतो आणि आलेल्या उत्तरावर पुढचं ठरवतो. दर चाचणीला त्या खऱ्या यंत्राला त्रास देता येत नाही. म्हणून त्याच्या जागी एक बनावट उभा करतात, तो ठरलेलं उत्तर देतो. त्याला स्टब म्हणतात. आपल्याला कोणी, काय, किती वेळा विचारलं याची नोंदही तो ठेवत असेल तर तो मॉक. आपा नव्या मुलींना हे असं समजावत : “स्टब म्हणजे नंदीबैल. पाऊस येईन का? मान हलवली. पोरगी पास होईन का? मान हलवली. आन् मॉक म्हणजे लग्नातली फुफी. जवाब तर देतेच, पण कोण आलं, किती खेपा जेवलं, सलाम केला का नाई, सारं ध्यानात ठेवते.”

अमरावतीत एका कापड दुकानाच्या वर आमचं पाच माणसांचं कार्यालय होतं. आपा तेव्हा चव्वेचाळीसच्या, माझ्याहून तीन वर्षांनी मोठ्या. माहेर अकोल्याच्या जुन्या शहरात, वडील शिंपी. अमरावतीत त्या एक खोली घेऊन राहत आणि दर शनिवारी एस.टी.नं अकोल्याला जात. डबा बरोबर एक वाजता उघडत. कोणी कामाचं बोलायला आलं तर “कोड थंडा नाई होत, भाजी होते,” म्हणून परत पाठवत. कोणाच्या बदलानं चाचणी मोडली तर सगळ्यांसमोर म्हणत, “तुमच्या कोडले ताप आहे, घरी घेऊन जा.” वडिलांचं एक वाक्य त्यांच्या तोंडी नेहमी असायचं : “पुतळ्याच्या मापाचा सदरा पुतळ्यालेच होते.”

त्या वर्षी कपाशीवरच्या फवारणीनं आमच्या भागात माणसं दवाखान्यात येऊ लागली होती. बहुतेक मजूर, पाठीवर पंप, तोंडाला काही नाही. विषावरच्या उताऱ्याचं इंजेक्शन सगळ्या दवाखान्यांत नसे. आम्हाला काम मिळालं ते असं : डॉक्टरनं रुग्णाची नोंद केली की सात दवाखान्यांच्या साठ्याच्या यंत्रांना विचारायचं आणि इंजेक्शन असलेला सगळ्यांत जवळचा दवाखाना सांगायचा.

आपा एस.टी.नं चार दवाखान्यांत जाऊन आल्या. तिथलं खरं उत्तर डोळ्यांनी पाहून त्यांनी चार बनावट लिहिले. तीन राहिले होते. हंगाम सुरू झाला होता, वरून रोज फोन येत होते.

मी म्हणालो, “आपा, सातही ठिकाणी तेच सॉफ्टवेअर आहे. उत्तर तेच येणार.”

“सॉफ्टवेअर तेच असन. माणूस तोच आहे का?”

“तुम्ही आणखी आठवडा घ्याल.”

“सहा दिवस. कावून घाई करून राहिले तुमी?”

शुक्रवारी त्या दुपारनंतर रजेवर होत्या. मी त्यांच्या चौथ्या दवाखान्याचा बनावट उचलला, तीनदा डकवला आणि नावं बदलली. वरची ‘पाहिलं’ची ओळ त्याबरोबर आली. तिच्यातलं गावाचं नावही मी बदललं. ओळ काढली नाही. त्या संध्याकाळी दोनशे बारा चाचण्या हिरव्या झाल्या, म्हणजे पास झाल्या, आणि मी काम पाठवून दिलं. सोमवारी आपांना मी ‘तीन झाले’ एवढंच सांगितलं. त्या दुसऱ्या कामाला लागल्या होत्या. माझ्यावर विश्वास ठेवून त्यांनी उघडून पाहिलं नाही.

साठ्याच्या उत्तरात दोन गोष्टी येत : आकडा, आणि तो कोणत्या दिवशी भरला ती तारीख. आपांनी पाहिलेल्या चारही ठिकाणी स्टोअरकीपर रोज संध्याकाळी आकडा भरत. म्हणून आमच्या बनावटांत तारीख कायम आजची होती आणि प्रोग्राम ती तपासतच नव्हता. पाचव्या दवाखान्यातला स्टोअरकीपर महिन्यातून एकदा, एक तारखेला भरायचा. सत्तावीस तारखेला आमच्या प्रोग्रामनं एका फवारणी करणाऱ्या माणसाला तिकडे पाठवलं. पडद्यावर चाळीस इंजेक्शनं होती. कपाटात एकही नव्हतं. दुसऱ्या दवाखान्याच्या वाटेवर तो वारला. वय चौतीस.

चौकशीला एक अधिकारी आले. त्यांच्या हातात चाचण्यांची छापील प्रत होती.

“मॅडम, इथे ‘पाहिलं’ लिहिलं आहे. ही ओळ तुमचीच ना? या दवाखान्यात तुम्ही कधी गेलात?”

आपांनी कागद पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं, दोन सेकंद. मी टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीकडे पाहत होतो.

“मी गेली नव्हती,” त्या म्हणाल्या.

“म्हणजे हे खोटं आहे?”

“खोटं आहे.”

कोणी लिहिलं, हे अधिकाऱ्यांनी विचारलं नाही. आपांनी सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. कुठली ओळ कोणी लिहिली याची नोंद यंत्रात असते. अर्ध्या मिनिटात निघाली असती. ती कोणी काढली नाही. मालकांनी आपांकडून राजीनामा मागून घेतला आणि त्यांनी तो हातानं लिहून दिला.

शेवटच्या पंधरा दिवसांत त्या रजा टाकून उरलेल्या तिन्ही दवाखान्यांत जाऊन आल्या. परत आल्यावर पाचव्याचं खरं उत्तर, सव्वीस दिवस जुन्या तारखेसकट, त्यांनी नव्या चाचणीत घातलं. ती चाचणी लाल झाली. त्यांनी ती लालच ठेवली आणि माझ्या टेबलापाशी आल्या.

“हे हिरवं तुमी करा, भाऊ.”

सात ओळी लागल्या. तारीख एका दिवसाहून जुनी असेल तर आकडा मानू नये, दवाखान्याला फोन करायला सांगावं. एका तासाचं काम होतं.

चार महिन्यांनी मी मालकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “आता बोलून काय होणार, वानखडे?” त्या रविवारी मी अकोल्याला गेलो. मोर्णा नदीपलीकडच्या गल्लीत आपा खालच्या खोलीत मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेत होत्या. मला पाहून त्यांनी मुलांना उदाहरण दिलं आणि बाहेर येऊन ओट्यावर बसल्या. मी मालकांना काय सांगितलं ते सांगितलं. माफी मागितली.

त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, “मले सांगून काय करता? मले तर मालूम होतं. त्या बाईले सांगा.”

“कोणत्या?”

“जिचा माणूस मेला, तिले.”

“तुम्ही याल का बरोबर?”

“मी जाऊन आली. तवाच, त्या पंधरा दिवसांत.”

“काय सांगितलं?”

“जे होतं ते. का आमच्या मशीननं चुकीचा दवाखाना सांगितला, आन् तो आमच्यातल्या कोणीच जाऊन पाहिला नव्हता. तिनं चहा केला. मी पेली. नाव कोणाचं घेतलं नाई. तुमचं तुमी सांगा.” आणि त्या उठल्या, आत मुलांचं उदाहरण सुटलं होतं.

याला आता सहा वर्षं होतील. आपा मागच्या हिवाळ्यात गेल्या, मातीला मी होतो. त्या बाईचं गाव माझ्या घरापासून एकेचाळीस किलोमीटरवर आहे. सकाळी सव्वासातला एक एस.टी. जाते, दुपारी दीडला परत येते. मी अजून गेलेलो नाही.