नववीतले सासूसासरे

माझ्या सासूसासऱ्यांचे किस्से मी मुद्दाम गोळा केलेले नाहीत. समुद्राजवळच्या घरात वाळू येते, तसे ते येतच राहिले. कितीही झाडा! पुढे बाबांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं आणि या दोघांना हॉस्पिटलपर्यंत नेण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. तेव्हापासून तर माझं डोकं पार उठलंय.

*

मी कसालची. १९९८ साली लग्न होऊन इथे किनाऱ्यावर आले. मांडवात एक बाई ओरडत होती, "रे मोन्या, नारळ खंय ठेवलंस?" मला वाटलं, कुठल्यातरी पोराला हाक मारतेय. ती माझी सासू होती आणि मोन्या म्हणजे माझे सासरे!

बायकांनी मला उखाणा घ्यायला लावला आणि मग आईंना, म्हणजे सासूबाईंनाही आग्रह केला. आई म्हणाल्या, "दिसभर तेचाच नाव घेतंय मा. आता आणि काय घेव?"

*

दोघं एका वर्गात होती. नववीत आई नापास झाल्या आणि बाबा पास झाले. शाळा सुरू झाली तर बाबा पुन्हा नववीच्याच वर्गात येऊन बसलेले. मास्तरांनी दहावीत नेऊन बसवलं की हे खिडकीतून परत नववीत. शेवटी त्यांच्या वडिलांनी कान धरून त्यांना होडीवर नेलं. मग आईंनीही शाळा सोडली आणि टोपली घेऊन मासे विकायला बसल्या. एकविसावं लागताच बाबांनी आईंशी लग्न केलं.

माझा मुलगा गणितात नापास झाला तेव्हा मी त्याला समोर बसवून चांगलं झापत होते. नेमका त्याच वेळी बाबांनी त्याला हा किस्सा सांगितला, तोही अभिमानाने. आता या घरात पोरांना अभ्यासाला बसवायचं कसं, ते तुम्हीच सांगा.

*

मोबाईल आले तेव्हा माझ्या नवऱ्याने हौसेने दोघांना एकेक घेऊन दिला. ती आमची मोठी चूक. बाबा समुद्रात जाळं ओढत असायचे आणि इकडून आईंचा फोन, "जेवलंस काय?" डबा स्वतःच भरून दिलेला असायचा!

एकदा रेंज गेली. फोन लागेना म्हणून आईंनी बंदरावर हलकल्लोळ केला आणि शेजाऱ्यांची होडी बाबांना शोधायला पाठवली. ती होडी जोरात येताना बघून बाबांना वाटलं, आपल्या पारूला काहीतरी झालं. जाळं पाण्यात होतं, ओढायला वेळ लागला असता. त्यांनी दोर कापला आणि तसेच किनाऱ्याला आले.

आई धडधाकट उभ्या. "जाळा खंय आसा?" म्हणून त्या ओरडल्या. "तुका काय झाला?" म्हणून बाबा ओरडले. सगळ्या किनाऱ्यासमोर दोघं कितीतरी वेळ भांडली. त्या वर्षी घराला रंग लावायचा होता, तो राहिला.

*

मग बाबांच्या छातीत दुखायला लागलं. कुडाळला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर विचारायचे बाबांना आणि उत्तर द्यायच्या आई. झोप लागते का, धाप लागते का, सगळं आईच सांगत होत्या. शेवटी डॉक्टर वैतागले आणि त्यांनी आईंना बाहेर बसायला सांगितलं.

मग त्यांनी बाबांना विचारलं, कधीपासून दुखतंय? बाबा उठले, दार उघडलं आणि बाहेर डोकं काढून म्हणाले, "पारू, माका कधीपासून दुखता गो?"

ऑपरेशन लवकर करा, उशीर केलात तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. पण ऑपरेशननंतर आईंना आत राहू देणार नाहीत म्हटल्यावर बाबा अडून बसले. मी समजावलं, रागावले, शेवटी रडले. मला खरंच भीती वाटत होती. तेव्हा कुठे ते तयार झाले, पण आधी देवळात गाऱ्हाणं घालायचं या अटीवर.

*

गाऱ्हाणं म्हणजे गुरवाने देवाकडे मागणं मागायचं आणि प्रत्येक मागण्याला जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. अर्धं गाव आलं होतं. गुरवांनी ऑपरेशन नीट पार पडू दे म्हणून मागितलं. सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." मग त्यांनी रिवाजाप्रमाणे आईंसाठी मागायला घेतलं, की हिला अहेवपणी, नवऱ्याच्या आधी मरण येऊ दे.

आईंनी त्यांना मध्येच थांबवलं. हात जोडून म्हणाल्या, "तसा नको म्हाराजा. आत्ता नको, खूप वर्सांनी, पण माझ्या आदी हेका घेवन जा. हेका माझ्याशिवाय एक दीस ऱ्हवाक जमाचा नाय."

आणि सवयीने सगळं देऊळ म्हणालं, "व्हय म्हाराजा!"

म्हणून झाल्यावर लोकांच्या लक्षात आलं. बायकांनी तोंडाला पदर लावले, गुरव माझ्याकडे बघायला लागले. ऑपरेशनला निघालेल्या माणसासमोर हे! मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

तेवढ्यात बाबा उठले, देवापुढे उभे राहिले. म्हणाले, "म्हाराजा, ती सांगता तसाच कर. पण माका घेवन गेलंस काय पाठोपाठ तिकाय घेवन ये. थंय माका एकट्याक करमाचा नाय."

यावेळी मात्र सगळे सावध होते.

एकट्या आईच म्हणाल्या, चांगल्या खणखणीत आवाजात, "व्हय म्हाराजा."