सातव्या फोटोतली उडी

आमच्या घरात कुणी जरा वाढवून बोललं की बाकीचे एका सुरात म्हणतात, "आईची उडी!" मेहुण्यांनी औशाच्या बाजारात आपल्याच सोयाबीनला सगळ्यांत चढा भाव मिळाल्याचं सांगितलं, आईची उडी. बायकोनं लग्नाआधी आपलं वजन अठ्ठेचाळीस किलो होतं म्हटलं, आईची उडी. हा वाक्प्रचार मी शाळेत असताना जन्माला घातला आणि बरीच वर्षं मला त्याचा अभिमानही होता.

मूळ गोष्ट अशी. आईचं माहेर हिमायतनगरजवळच्या एका खेड्यातलं. तिथल्या विहिरीत तिनं पंधराव्या वर्षी, पोरांशी पैज लावून, थारोळ्यावरून उडी मारली होती. थारोळं म्हणजे मोट जिथे रिकामी व्हायची ती जागा, विहिरीचा सगळ्यांत उंच दगड. आणि मोठ्या मामांनी तिचा फोटो काढला होता, म्हणे. तो फोटो कुणी कधी पाहिला नाही. आणि आमची आई कशी, तर ओल्या फरशीवर पाय टाकताना भिंत धरणारी, गोदावरीच्या घाटावर गेली तरी वरच्या पायरीवर बसून तांब्यानं पाणी घेणारी. ही बाई विहिरीत उडी मारेल? आधी मी हसलो, मग सगळेच हसायला लागले. सुरुवातीला ती भांडायची, "मारली की हुती! दादाला इचार." दादाला, म्हणजे मामांना विचारलं की ते म्हणायचे, "रोल धुतल्यावर बघा." पुढं पुढं ती गोष्ट सांगायचीच थांबली. वाक्प्रचार तेवढा घरात राहिला.

गेल्या हिवाळ्यात मी किनवटला मामांकडे गेलो होतो. मामा आश्रमशाळेतले निवृत्त मास्तर. त्या दिवशी ते ट्रंक आवरत होते आणि स्वेटर, डांबरगोळ्या नि जुन्या हजेरीपटांखालून त्यांचा डबा कॅमेरा निघाला. मागच्या लाल खिडकीत आकडा दिसत होता, बारा.

"ह्यात रोल हाय अजून," मामा शांतपणे म्हणाले.

मी उडालोच. मामांनी सांगितलं ते असं. रोल बारा फोटोंचा. अकरा काढून झाले आणि बारावा त्यांनी स्वतःच्या लग्नासाठी राखून ठेवला. पण सासऱ्यांनी देगलूरहून फोटोग्राफरच आणला. मग बारसं आलं, पण वास्तुशांत जवळ आली होती. वास्तुशांत आली, पण मुलाची मुंज काढायची होती. प्रत्येक प्रसंगापुढं त्याहून मोठा प्रसंग दिसायचा. अखेर कॅमेऱ्याचा खटकाच अडकला.

"अहो, पण अकरा तरी धुवून घ्यायचे!"

"एक शिल्लक असताना? अर्धं ताट टाकून उठतो का माणूस?"

मी विचारलं, आईच्या उडीचा कितवा? मामांनी क्षणभरही न थांबता सांगितलं, "सातवा." चावी फिरवून त्यांनी रोल शेवटपर्यंत गुंडाळला, काळ्या कागदात बांधला आणि माझ्या हातात दिला.

मी लातूरला रसायनशास्त्र शिकवतो. डॉक्टर व्हायला निघालेली शेकडो पोरं माझ्यासमोर बसतात आणि मी बोलतो ते लिहून घेतात. अशा माणसाला आपण चुकू शकतो हे सुचणं कठीण असतं. किनवट ते नांदेड आगगाडीत मी सगळी योजना आखून टाकली. फिल्म पन्नास वर्षांची, तिची मुदत केव्हाच संपलेली, प्रतिमा क्षीण झालेली. म्हणजे डेव्हलपर, फिल्म धुण्याचं रसायन, कडक हवा, सोडा जास्त, पाणी कोमट, वेळ दुप्पट. सोपं गणित.

नांदेडला जुन्या वस्तीत एका चाचांचा स्टुडिओ आहे. कॉलेजच्या ओळखपत्रावरचा माझा घाबरलेला चेहरा त्यांनीच काढलेला. त्यांचे वालिद, म्हणजे वडील, फोटोग्राफर, तेही फोटोग्राफर. आता दुकानात कपावर फोटो छापून मिळतो आणि डार्करूममध्ये कूलर ठेवलेला असतो. मी रोल दाखवताच चाचांनी कूलर बाहेर काढायला सुरुवात केली. मी उडीची गोष्ट हसतहसत सांगितली, मग माझी योजना सांगितली. त्यांनी दोन्ही नीट ऐकून घेतलं.

"कडक नक्को, सर," ते म्हणाले. "म्हाताऱ्या माणसाला भूक न्हाई म्हणून तुम्ही मटण दुप्पट वाढता का? पन्नास उन्हाळे खाल्लेत ह्या फिल्मनं. आख्खीवर धुकं चढलंय. कडक डेव्हलपर घातला तर फोटोच्या आधी ते धुकंच काळं होतंय."

"मग?"

"साधा डेव्हलपर, ताजा. थंडगार पाणी. चिमूटभर ब्रोमाइड, म्हंजे धुकं दबून राहतंय. आन् लवकर बाहेर काढायचं."

मला हे पटलं नाही. खरं सांगायचं तर रागच आला. ब्रोमाइडचं काम मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. ते हा माणूस मला सांगणार? मी माझा पुण्याचा एक हौशी फोटोग्राफर मित्र मध्ये आणला. त्याला फोन लावला तर त्यानं तिसराच मार्ग काढला: डेव्हलपर अगदी पातळ करायचा आणि फिल्म तासभर न हलवता त्यात ठेवून द्यायची. आता रोल एक आणि डेव्हलपर तीन. चुकला तर आईची उडी कायमची गेली, कारण धुतलेली फिल्म पुन्हा धुता येत नाही.

चाचा म्हणाले, "बारावा कोरा हाय म्हनला ना तुम्ही? तोच कापू. तीन तुकडे, तीन डेव्हलपर. ज्याच्यात धुकं कमी, तो आपला."

मामांच्या चिकटपणाचा असा उपयोग होईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. गुंडाळलेल्या रोलचं बाहेरचं टोक म्हणजे बारावाच. चाचांनी कात्री घेतली आणि थांबले. "पण कोराच हाय ना? पक्कं?"

"मामा म्हणाले म्हणजे आहेच. मामा खोटं बोलायचे नाहीत."

"हौ," चाचा म्हणाले. "आन् अम्मा बोलतात?"

त्यांनी दिवा बंद केला ते बरं झालं.

माझा तुकडा निघाला तो तव्यासारखा काळा. मित्राच्या तुकड्यासाठी तासभर चहा नि भजी झाली, आणि तो निघाला राखाडी, वर पट्टे पट्टे. चाचांचा तुकडा उजेडात धरला तर त्यातून समोरच्या दुकानाची पाटी वाचता येत होती. मी पाटी मोठ्यानं वाचली. चाचांनी बढाई मारली नाही. ते रसवंतीवाल्याकडून बर्फ आणायला निघून गेले.

मग खरा रोल. पुन्हा अंधार. चाचांनी फिल्मची दोन्ही टोकं धरून ती ताटलीतल्या डेव्हलपरमधून खालीवर झुलवायला सुरुवात केली. घड्याळाचे काटे दिसत नव्हते, म्हणून सेकंद मोजायचं काम माझं. वर्गात माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो. इथं साठच्या पुढं तो फुटायला लागला. मला भीती वाटत होती, आणि ती फोटो न येण्याची होती की येण्याची, हे मला तेव्हा कळत नव्हतं. चाचा म्हणाले, "बस," आणि फिल्म प्रतिमा पक्की करणाऱ्या हायपोत गेली.

अकरापैकी सात निव्वळ धुकं. एकात बैल, एकात मामांचा स्वतःचाच अंगठा. सहावा स्वच्छ आला होता: विहिरीच्या थारोळ्यावर पोरांची रांग आणि मध्ये परकराचा काष्टा घातलेली एक मुलगी, हात कमरेवर. सातव्यात तेच थारोळं, तीच पोरं, आणि मुलगी नव्हतीच.

मी फोनवर निगेटिव्ह उलटी करून पाहिली, मोठी करून पाहिली. नाही म्हणजे नाही. "गेली असेल घरी," मी म्हणालो. बोलताना माझ्या आवाजात पुन्हा तो हसरा सूर आला, जुनी सवय.

"सर, तुम्ही शिकवता काय?" चाचा पहिल्यांदाच चिडले. "गिनती करा की."

सहाव्यात आठ डोकी होती. सातव्यात सात. तिसऱ्या आणि चौथ्या पोराच्या मध्ये एका माणसाची जागा तशीच मोकळी होती. सातही पोरं वाकून खाली बघत होती, दोघांची तोंडं उघडी. आणि तळाशी, विहिरीच्या काळ्या पाण्यावर, पांढरा फुटलेला डाग. मामांनी खटका दाबायला उशीर केला होता, एवढंच. ती तोवर पाण्यात पोचली होती.

चाचांनी दोन्ही फोटो मोठे करून छापून दिले. बसमध्ये मी ते मांडीवर ठेवून बसलो. कंडक्टरनं दोनदा तिकीट मागितलं तेव्हा कुठं मला ऐकू गेलं.

लातूरला पोचलो तेव्हा आई ओसरीत मेथी निवडत होती. मी काही न सांगता दोन्ही फोटो तिच्यापुढं ठेवले. तिनं हात पदराला पुसले, चष्मा लावला. सहाव्यातल्या पोरांवर एकेक बोट ठेवत गेली. "ह्यो मेला. ह्यो हैदराबादला गेला. आन् ह्यो कडंचा, ह्यानं लावली हुती पैज." मग तिनं सातवा उचलला आणि तिचं बोट त्या मोकळ्या जागेवर येऊन थांबलं.

"आई, चुकलं माझं," मी म्हणालो. एवढं वय झालं, पण हे तीन शब्द मी तिला कधी म्हटलेच नव्हते. फार जड गेले.

"तुझं जाऊ दे रे," ती फोटोवरून नजर न काढता म्हणाली. "तुमी समदे इतकी वर्सं हसला, मलाच वाटाय लागलं हुतं की मी मारलीच न्हाई म्हनून."