वरच्या चार मिरच्या

आमच्या जाऊबाईंना वजन झाल्यावर वर चार मिरच्या उचलल्याशिवाय भाजी घेतल्यासारखं वाटतच नाही. गंगेवरच्या, म्हणजे आमच्या नदीकाठच्या, बुधवारच्या बाजारात भाजीवालीच म्हणते, "घ्या माय, अजून दोन घ्या." मॉलमध्येही बाईंनी तेच केलं. वजनाची चिठ्ठी चिकटवून झाली आणि जाऊबाईंनी पिशवीत मूठभर मिरच्या सरकवल्या.

बिल करणाऱ्या मुलीने पिशवी पुन्हा काट्यावर ठेवली. "आजी, वजन जास्त भरतंय."

चारचौघांत चोर ठरायची वेळ आली, जाऊबाईंचा चेहरा उतरला. तरी म्हणतात कशा, "ताज्या आहेत ना गं, वाढल्या असतील!"

मी हसू दाबत मागे वळले, तर रांग निम्मी झालेली. चांगली शिकलेली माणसं हो, "काहीतरी विसरलं" म्हणत आपापल्या पिशव्या घेऊन भाजीच्या कोपऱ्याकडे परत चाललेली.