जोड्यांना मुजरा

दाजी रेठरेकर कुणाच्याही घरी गेला की आधी दाराबाहेर उभा राहून जोडे वाचायचा. बैठकीच्या तोंडाशी जेवढे जोडे उतरवलेले असतील त्यांच्यावरून नजर फिरवायची, आत कोण कोण बसलंय ते ओळखायचं, त्याप्रमाणे पगडी कलती करायची, चेहऱ्यावर हसू नाहीतर सुतक चढवायचं आणि मगच पाऊल आत टाकायचं. वर हे लपवायचाही नाही. "आधी जोडे बघावेत, मग जीभ सोडावी," असं तो गल्लीतल्या पोरांना शिकवायचा. मी त्याला तोंडावर दाजीसाहेब म्हणत असे, कारण आईची तशी शिस्त होती. आता आई नाही, दाजी नाही, संस्थानही नाही. कागदावर मी त्याला अहोजाहो करणार नाही.

आम्ही लष्करात राहायचो. लष्कर म्हणजे फौज नव्हे, ग्वाल्हेरचं आमचं शहर. फौजेची छावणी पडली आणि तिथेच गाव वसलं, म्हणून ते नाव. दाजीचे पणजोबा त्या फौजेबरोबर दक्षिणेतून तलवार घेऊन आले. पणतूने ती तलवार भिंतीला टांगली आणि जिभेवर पोट भरायला घेतलं. आमच्या गल्लीच्या टोकाला एका सरदारांची कोठी होती, तिच्या मागच्या अंगणातली एक खोली त्याला राहायला दिलेली होती. सरदारांचं नाव लिहीत नाही. त्यांची नातवंडं अजून बाड्यावर, म्हणजे आमच्या बाजाराच्या मोठ्या चौकात, भेटतात आणि मला काकू म्हणतात.

दाजी दिसायला असा की देवाने त्याला माणूस म्हणून नव्हे, सोंग म्हणूनच घडवलं असावं. लांब वाकडं नाक, पातळ अंग, आणि मेण लावून टोकं वर चढवलेल्या मिशा. तो गल्लीत शिरला की आधी मिशा यायच्या. त्याची निष्ठा एका दसऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत कधी टिकली नाही. एक वर्ष या सरदारांकडे, पुढच्या वर्षी त्यांच्या भाऊबंदांकडे, मधेच एखाद्या नव्या साहेबाची चलती झाली तर त्याच्या बंगल्यावर, आणि तिथून पुन्हा इथे. प्रत्येक ठिकाणी मागच्या घरातल्या गोष्टी तिखटमीठ लावून सांगायच्या, हेच त्याचं भांडवल. कुणी हटकलं तर म्हणायचा, "ऊन सरकतं, बाई. आपण खाट सरकवावी." ग्वाल्हेरच्या थंडीत सगळेच अंगणात खाट टाकून उन्हामागे सरकत असतात, त्यामुळे लोक या वाक्यावर हसत. मला कधी हसू आलं नाही.

हसू न येण्याचं कारण केशवराव. कोठीतले म्हातारे कारकून, अतिशय सज्जन. दाजीचं बस्तान बसलेलं नसायचं तेव्हा तो त्यांच्याच घरी जेवायचा. एकदा पंगतीत केशवराव सरदारांच्या चालण्यावर काहीतरी बोलले आणि हसले. सरदारांचा डावा पाय आखूड होता. जोड्याची एक टाच दोन बोटं जाड करून घेतलेली असायची आणि ही गोष्ट अख्ख्या लष्करात कुणी तोंडातून काढायची नाही, असा रिवाज होता. ते सगळ्यांच्या आधी येऊन बसत आणि सगळे गेल्यावर उठत, म्हणजे चालताना कुणी बघायला नको. केशवरावांचं ते हसणं दाजीने दुसऱ्या दिवशी कोठीवर पोचवलं. म्हाताऱ्याची नोकरी गेली आणि बायकोला घेऊन तो उज्जैनला भाच्याच्या दारी जाऊन पडला. दाजी त्यांना टांग्यापर्यंत पोचवायला गेला होता. डोळे पुसत होता म्हणे.

माझे बाबा संस्थानच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. बोलणं कमी, पण डोळा असा की त्यातून काही सुटायचं नाही. गल्लीच्या गणपतीत दरवर्षी ते मोठ्या कागदांवर रंगीत चित्रं काढून मांडवाच्या कनातीला लावायचे. त्यातला खलपुरुष एकच: राजश्री खाटसरके. मिशा तलवारीसारख्या, नाक पोपटासारखं, आणि बगलेत कायम एक दुमडलेली खाट. दर चित्रात तो नव्या धन्याला मिठी मारत असायचा आणि जुन्याला चिमटा काढत असायचा. शेवटी चिखलात पडायचा. पोरं टाळ्या पिटायची.

तो कोण ते आंधळ्यानेही सांगितलं असतं. दाजीला राग यायला हवा होता. पण निर्लज्जपणा असा की तो पहिल्या दिवशी सकाळीच मांडवात हजर व्हायचा, सगळी चित्रं नाक लावून बघायचा आणि बाबांना म्हणायचा, "मास्तर, औंदा मिशी जरा उतरलीय. आणखी वर हवी होती." लोकांना हाताला धरून आणायचा. एका मुलाने बाबांना विचारलं होतं की खाटसरके कधी सुधारणार. बाबा म्हणाले, कागदावर मी त्याला आत्ता सुधारीन, पण मग बघायला कोण येईल?

एका वर्षी बाबांनी काढलं ते चित्र असं: कोठीचं दार, दारात उतरवलेले मखमली जोडे, आणि आत माणूस कुठेच दिसत नसताना खाटसरके त्या रिकाम्या जोड्यांना कमरेत वाकून मुजरा करतोय. हे त्यांनी मनाने रचलेलं नव्हतं. दाजीला असं करताना त्यांनी कोठीच्या दारात प्रत्यक्ष पाहिलं होतं. पाहिलं ते जसंच्या तसं उतरवायचं, एवढंच त्यांना ठाऊक. त्यामुळे डाव्या जोड्याची टाच त्यांनी दोन बोटं जाड काढली.

आई मांडवात आली, तिने चित्र बघितलं आणि तिचा रंगच उडाला. "तुम्हाला दुसरे जोडे मिळाले नाहीत का?" बाबा म्हणाले, "दारात तेच होते." चित्र उतरवायला हवं हे त्यांना कळेपर्यंत सरदार आरतीला येऊन बसलेसुद्धा. आरती झाली. सरदारांनी प्रसादाला हात लावला नाही.

पुढे काय होणार हे सगळ्यांना कळलं होतं. सरदार शाळेच्या कमिटीवर होते. शाळा संस्थानची, आम्ही राहत होतो ते घरही शाळेचं. नोकरी गेली असती तर छप्पर गेलं असतं, आणि दरबाराची मर्जी गेलेल्या ड्रॉइंग मास्तरला त्या मुलखात दुसरी शाळा नव्हती. पण सरदारांचीही एक अडचण होती. चित्रातले जोडे माझे आहेत, असं स्वतःच्या तोंडाने म्हणायचं म्हणजे पाय कबूल करणं आलं. ते दुसऱ्या कुणीतरी म्हणायला हवं होतं. रोज त्या दारात जाणाऱ्या माणसाने म्हटलं की काम झालं. असा माणूस कोण, हे सांगायला नको.

दाजीने आमच्याकडे येणं बंद केलं. त्याच्या आदल्याच आठवड्यात आमच्या ओट्यावर बसून त्याने आईचा चिवडा खाल्ला होता. आता बाड्यावर समोरासमोर आलो तरी तो दुकानाच्या पाट्या वाचायला लागायचा. कोठीचं कारभारीपण त्याला मिळणार, पुढच्या अंगातली मोठी खोली मिळणार, असं सगळीकडे झालं होतं. आई म्हणाली, "सरकवली मेल्याने खाट." बाबा रंगाच्या वाट्या धुवून पुसून पेटीत भरत होते, जणू आजच निघायचंय. त्या दिवसांत केशवरावांचा टांगा माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता.

चौकशी हेडमास्तरांच्या खोलीत झाली. पुढचं सगळं बाबांनी सांगितलं, आणि दाराशी उभ्या असलेल्या चपराशाने तेच सगळीकडे सांगितलं. हेडमास्तर कानपूरकडचे, भले होते पण भित्रे. टेबलावर चित्र पसरलेलं. सरदार नेहमीप्रमाणे आधीच येऊन बसलेले, पाय टेबलाखाली. दाजीला बोलावणं गेलं. व्हरांड्यातून आधी आवाज आला: एक पाऊल ठक्क, एक पाऊल घासत. मग दाजी आत आला. डावा पाय ओढत आला. त्याच्या डाव्या जोड्याला दोन बोटं जाड टाच होती आणि तिचं चामडं इतकं कोरं होतं की मोच्याच्या डिंकाचा वास येत होता.

हेडमास्तरांनी विचारलं, "दाजीसाहब, ये जूते किसके हैं?"

दाजीने पाय पुढे केला. "मेरे हैं, हुज़ूर."

"और ये झुकने वाला?"

"वो भी मैं. मूँछ नहीं पहचानी आपने?"

हेडमास्तर गोंधळले. कालपरवापर्यंत तर तुम्ही नीट चालत होता, असं म्हणाले. दाजी म्हणाला की पाय जन्माचाच असा आहे, आजवर लपवला, कारण मोठ्यांच्या दारात लंगडं माणूस शोभत नाही असं लोक म्हणतात. मग हेडमास्तरांनी शेवटचं विचारलं, की माणूस आपल्याच जोड्यांना मुजरा कशाला करील?

तेव्हा दाजी सरदारांकडे वळला आणि मराठीत बोलला. "सरकार, वाकलो मी सगळ्यांपुढे. पण मुजरा उभ्या जन्मात माझ्याच जोड्यांना केला. मास्तरांनी तेवढं बरोबर ओळखलं."

सरदार काय बोलणार? तो खोटं बोलतोय म्हणायचं तर जोडे आपले म्हणावे लागणार. ते बसून राहिले. हेडमास्तरांनी हुश्श केलं, चित्र गुंडाळलं आणि ज्याचं चित्र त्याची तक्रार नाही, असं सांगून बाबांना वर्गावर पाठवलं.

त्याच संध्याकाळी दाजीचं सामान कोठीबाहेर आलं. तलवार, खाट, मिशांच्या मेणाची डबी. आईने सगळं ऐकलं, पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "जेवायला बोलवा त्याला. पण चांदीचं ताट काढू नका."

तो सुधारला, असं म्हणून मी कुणाला फसवणार नाही. किला गेटजवळ बांगड्यांच्या दुकानावर एक खोली घेऊन त्याने लग्नं जुळवायचा धंदा काढला आणि त्यात पोटभर खोटं बोलला. टकल्यांना दाट केस दिले, बहिऱ्यांना गोड गळा दिला. पण लंगडणं मात्र सोडलं नाही. सोडता येत नव्हतं. कोठीची माणसं टपून होती. दाजी एक पाऊल सरळ टाकताना दिसला असता तर चौकशी पुन्हा उघडली असती आणि बाबा गेले असते. मी मनात म्हटलं, आठ दिवस. ज्याला एक धनी वर्षभर पेलला नाही त्याला हा पाय काय पेलतोय!

त्या दिवाळीत मी बाड्यावर पणत्या घ्यायला गेले होते. कोठीच्या एका टवाळ गड्याने दाजीच्या पायांत फटाक्यांची पेटती लड टाकली. दाजी जिवाच्या आकांताने पळाला. धोतराला ठिणगी लागली, पगडी पडली, लोक हसत होते. आणि तो डावा पाय ओढत पळत होता. आगीतसुद्धा त्याला पाय आठवला. मी पणत्या न घेताच घरी आले.

पुढच्या गणपतीत कनातीवर फुलं आणि मोर होते. दाजी आला, बघितलं आणि संतापला. "मास्तर, मी काय मोर बघायला कोठी सोडली?" बाबांनी खरोखर प्रयत्न केला होता. कागदावर कागद फाडले. मला म्हणाले, "लंगडा काढला तर खोटं, सरळ काढला तरी खोटं. मी काय करू?" खाटसरके त्यानंतर कधी निघाला नाही.

काही वर्षांनी सरदार वारले. मी तेव्हा माहेरी आले होते. दाजीला म्हटलं, आता कुणी बघत नाही, नीट चाला. तो म्हणाला की आता विसरलो, कमरही त्याच बाजूला गेली. मग मी इतकी वर्षं पोटात ठेवलेलं विचारलं. केशवरावांना ज्याने देशोधडीला लावलं त्याला आमचा पुळका कशाने आला?

केशवरावांचं नाव काढल्यावर त्याने मिशीला पीळ दिला. "त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, बाई," तो म्हणाला. "तुझ्या बापाचं सांगतो. मोठ्यांच्या दारांत मी आयुष्य काढलं, पण माझ्याकडे मान वर करून कुणी बघितलं नाही. मास्तरांनी मला इतकं बघितलं की मिशीतला पांढरा केस सोडला नाही. ते गेले असते तर मला कोण बघणार होतं?"

म्हणजे यातही स्वतःचीच हौस! मी त्याला तसं म्हटलंही. तो खूश होऊन हसला.

संस्थान जायच्या आदल्या थंडीत तो गेला. बाबा आणि मी किला गेटला पोचलो तेव्हा शेजारीपाजारी त्याला उचलायच्या तयारीत होते. खोलीच्या दाराबाहेर त्याचे जोडे होते, एकाची टाच जाड, झिजून एका अंगाला कललेली. बाबा थांबले. बाबांनी दरबारातसुद्धा मुजरा कधी मनापासून केला नव्हता. त्यांनी टोपी सारखी केली, त्या रिकाम्या जोड्यांपुढे कमरेत वाकले आणि तीनदा हात जमिनीकडे नेऊन कपाळाला लावला.

मी केला नाही. केशवरावांचा टांगा मी विसरलेली नाही आणि विसरणारही नाही. लोकांच्या येण्याजाण्यात ते जोडे वेडेवाकडे झाले होते, ते मी फक्त नीट जोडून ठेवले. त्यासाठी मलाही वाकावं लागलं, एवढंच.