ओला आवाज

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, झटका आला तेव्हा हातपाय लवकर सावरले. गेला तो गळा. काशीच्या मराठी मंडळीत ते वेदपाठ शिकवत. पंचगंगा घाटाकडे उतरणाऱ्या आमच्या गल्लीत सकाळी त्यांचा आवाज लागला की दूधवालासुद्धा सायकलची घंटी न वाजवता जाई. त्या गळ्यातून आता पाण्याने भरलेल्या लोट्यात कुणी फुंकावं तसा आवाज येत होता. गिळताही येत नव्हतं. नाकातून पोटात नळी घातली होती आणि तिच्यातून माझी बायको ताक, डाळीचं पाणी, पातळ पेज सोडायची.

नळी निघणार की नाही, हा घरातल्या सगळ्यांचा प्रश्न होता. माझ्या मनात त्याला आणखी एक शेपूट होतं: निघाली तर कुणाच्या हातून?

मी थोरला. गंगेपलीकडे रामनगरला बँकेत होतो. हिवाळ्यात लोखंडी पिंपांवर तरंगणाऱ्या पीप्याच्या पुलावरून स्कूटर घेऊन जायचो, पावसाळ्यात मोठ्या पुलाने वळसा घालून. धाकटा भाऊ अण्णांच्या वाटेने गेला. ऋग्वेद त्याला मुखोद्गत होता आणि अण्णांच्या शेजारची जागा त्याची होती.

वेद शिकवताना गुरू शिष्याच्या डोक्यावर हात ठेवतो. स्वर खाली जायचा तिथे डोकं दाबतो, वर जायचा तिथे उचलतो, म्हणजे मान आणि गळा एकत्र शिकतात. लहानपणी तो हात माझ्याही डोक्यावर होता. मी पाठ करायचो भराभर, पण स्वर चुकायचे. एका सकाळी अण्णांनी हात उचलला आणि म्हणाले, "तू शाळेतच नीट शीक. तुला ऐकू येत नाही." माझे कान ठणठणीत होते. त्यांना काय म्हणायचं होतं ते मला तेव्हाही समजलं. तो हात मग शेजारी बसलेल्या धाकट्याच्या डोक्यावर गेला आणि तिथेच राहिला.

मोठ्या इस्पितळातून स्पीच थेरपिस्ट बाई यायच्या. दक्षिणेकडून शिकून आलेल्या, माझ्याहून लहान, हिंदी थोडी अडखळत बोलणाऱ्या. मला वाटायचं, या बाई बोबड्या मुलांना बोलायला शिकवत असतील. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की बोलणं आणि गिळणं एकाच दारातून होतं. गिळताना ते दार बंद झालं नाही की अन्न फुप्फुसात जातं. पाणी सगळ्यात वाईट, कारण ते पळतं. घट्ट दह्यासारखं जे चमच्यात थांबतं, ते चालेल. सरळ बसवायचं, अर्धा चमचा द्यायचा, हनुवटी छातीकडे आणून दोनदा गिळायला लावायचं आणि मग 'आ' म्हणायला सांगायचं.

अण्णांनी 'आ' म्हटलं.

"आवाज़ गीली है. सुन रहे हैं आप लोग?" बाईंनी विचारलं. आवाज ओला असला म्हणजे घास दारातच अडकलेला असतो. खोकून तो बाहेर काढायचा, मगच पुढचा चमचा.

"हां, साफ सुनाई दे रहा है," धाकटा म्हणाला.

मीही मान हलवली. मला काहीच ऐकू आलं नव्हतं.

हनुवटी खाली आणणं अण्णांना जमेना. बाई हाताने दाखवायच्या, ते उलट मान वर करायचे. धाकट्याने थोडा वेळ पाहिलं आणि पुढे होऊन अण्णांच्या डोक्यावर हात ठेवला. ठेवला आणि दाबला, बस. अण्णांची मान त्या हाताखाली अशी वाकली जशी आयुष्यभर शेकडो मुलांची त्यांच्या हाताखाली वाकली होती. घोट उतरला. 'आ' म्हटलं ते कोरडं होतं, असं बाईंनीच सांगितलं.

"ये आपने कहाँ सीखा?"

"इन्हीं से," धाकटा म्हणाला.

बाई हसल्या. अण्णांचा वाकडा ओठसुद्धा हलला. मी टॉवेल धरून उभा होतो. वडिलांचा घास उतरला याचा आनंद मला व्हायला हवा होता. झालाही असेल, पण तो तळाशी कुठेतरी होता. वर सगळा जाळ होता.

रोजचं ठरून गेलं. सकाळी मी बँकेत जायच्या आधी धाकटा भरवायला बसे, आणि मी बूट घालताना दारातून ते पाहायचो. रविवारी हट्टाने चमचा मी घ्यायचो. माझ्या हाताखाली अण्णांची मान ताठ राहायची. तिसऱ्या-चौथ्या घासाला ठसका. मग त्यांची नजर दाराकडे, धाकटा आलाय का ते बघायला.

"तुम्हाला अण्णांना भरवायचंय की त्याला हरवायचंय?" बायको एकदा भांडी विसळता विसळता म्हणाली.

"काही बोलू नकोस."

"मी कशाला बोलू? अण्णाच खोकून सांगतायत."

हळूहळू नळीसोबत तोंडाने एक वाटी जाऊ लागली. बाई खूश होत्या. त्यानंतर एका दुपारी मी रामनगरहून आलो तर अण्णांना ताप भरलेला, श्वास घरघरता, आणि धाकटा उंबऱ्यावर बसलेला. त्या दिवशी पहिल्यांदा पाट मांडून, ताटात वाटी ठेवून अण्णांना बसवलं होतं. ताट समोर आलं तसा अण्णांनी उजवा तळवा पसरला आणि थांबले. आपोष्णीसाठी. जेवणाआधी तळव्यावर पळीभर पाणी घेऊन मंत्र म्हणत ते पिणं, हे त्यांनी मुंजीपासून चुकवलेलं नव्हतं. धाकट्याने पंचपात्रातून गंगेचं पाणी त्या तळव्यावर सोडलं.

"बाईंनी पाणी नको म्हणून किती बजावलं होतं!" मी म्हणालो.

"ते पाणी देणं थोडंच होतं, दादा? आपोष्णी होती." त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "अण्णा हात पुढे करून बसले आणि मी नाही म्हणू?"

"कान आहेत ना तुला? तुझे तर फार चांगले आहेत म्हणतात."

हे मी बोललो, आणि बोलताना मला बरं वाटलं. आत वडील धापा टाकत होते आणि मला हलकं वाटत होतं. त्याच्या जागी मी असतो तर मीही पळी उचललीच असती. ते मी त्याला सांगितलं नाही.

फुप्फुसात संसर्ग झाला. पुन्हा इस्पितळ, पुन्हा सगळं नळीतून. ताप उतरल्यावर बाईंनी एवढंच म्हटलं की आणखी एकदा असं झालं तर नळी काढायचा विषय विसरा. त्या संध्याकाळी इस्पितळाच्या पायऱ्यांवर धाकटा म्हणाला, "आता तूच भरव. मी नाही हात लावणार."

मला हवं होतं ते मिळालं होतं. मी रजा काढली. चमचा, वाटी, टॉवेल, सगळं माझ्याकडे. अण्णा निमूट तोंड उघडायचे. पहिल्या घासानंतर त्यांनी 'आ' म्हटलं आणि बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"गीली या साफ़?"

"साफ़."

बाईंनी अण्णांना खोकायला लावलं. अडकलेलं दही बाहेर आलं.

"और अब?"

मी अण्णांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. ते माझ्याकडे पाहत होते, आणि त्या नजरेत राग नव्हता. ती नजर मला ओळखीची होती. हात उचलायच्या आधीची.

"अंदाज़ मत लगाइए," बाई हळू म्हणाल्या. "इनके फेफड़ों का सवाल है. घर में कोई है जो सुन सके?"

धाकटा अहिल्याबाई घाटावर एका यजमानाची पूजा आटोपून पायऱ्यांवर धोतर वाळवत बसला होता. मी त्याच्या शेजारी बसलो. समोरून नावा जात होत्या, नावाडी एकमेकांना शिव्या घालत होते. बरंच काही बोलायचं ठरवून आलो होतो.

"घरी चल," मी म्हटलं.

"कशाला? तू आहेस ना?"

"मला ऐकू येत नाही."

त्याने माझ्याकडे वळून पाहिलं. "एवढी वर्षं लागली कबूल करायला?" म्हणाला आणि हसला. मग मी हसत नाही हे पाहून त्याने माझ्या पाठीवर ओलं धोतर आपटलं. "चल, उठ. दही घुसळून ठेवलंय ना वहिनीने? गुठळी राहिली तर तिचंही ऐकावं लागेल."

तेव्हापासून आम्ही दोघं बसायचो. मी समोर चमचा घेऊन, तो मागे अण्णांच्या डोक्यावर हात ठेवून, डोळे मिटून. मुलांचा पाठ ऐकताना चूक झाली की तो एक बोट वर करायचा, इथेही तसंच. बोट वर गेलं की मी थांबायचो आणि अण्णा खोकायचे. घास माझ्या हातून जायचा, पण मान त्याच्या हाताला झुकायची. मी रोज ते पाहायचो आणि रोज मला टोचायचं. हेवा कमी झाला असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. फक्त त्या हेव्याला आता वेळेवर हजर राहायचं काम लागलं होतं.

पावसाळ्याआधी पुलाचे पीपे सुटायच्या दिवसांत नळी निघाली. घरी पहिलं पूर्ण जेवण मांडायचं होतं आणि सगळ्यांना ठाऊक होतं की अण्णा तळवा पसरणार. बायकोने बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, चमच्यातून ओघळणार नाही असं काहीही द्या. तिने गंगाजळात आरारूट शिजवलं.

"हे आपोष्णीला चालेल का रे?" मी धाकट्याला विचारलं.

त्याने खूप विचार केला. "शास्त्रात आरारूट नाही," तो म्हणाला. "अण्णांनाच विचारू."

ताट आलं. अण्णांनी तळवा पसरला. धाकट्याने पंचपात्र माझ्यापुढे सरकवलं आणि स्वतः मागे जाऊन बसला. मी पळीने तो काचेसारखा गोळा त्यांच्या तळव्यावर ठेवला. अण्णांनी त्याच्याकडे, एखाद्या विद्यार्थ्याने भलताच स्वर लावल्यावर पाहावं, तसं पाहिलं. मग ओठ हलले, मंत्र नुसता ओठांतच झाला, आणि धाकट्याचा हात डोक्यावर पोहोचायच्या आत त्यांनी स्वतःच मान खाली घातली.

घोट गेला. दुसरा गेला. त्यांनी मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि 'आ' म्हटलं.

मला ते नेहमीसारखंच वाटलं. मी धाकट्याकडे पाहिलं. तो डोळे मिटून बसला होता, हात मांडीवर. मी त्याच्या बोटाकडे बघत राहिलो. ते वर गेलं नाही.

मी वाटीतला पहिला चमचा भरला.