एकोणीसशे सालचं कार्ड

बुधवारी दुपारी साताऱ्यात लिमयेसर वारले. गुरुवारी सांगलीच्या आमच्या कॉलेजात नोटीस लागली, तास सुटले.

मी त्यांच्या हाताखाली डेमॉन्स्ट्रेटर होतो. दीडशे मुलांचे प्रोग्रॅम पुठ्ठ्याच्या कार्डांवर भोकं पाडून पंच होत आणि एसटीने पुण्याच्या कॉम्प्युटरकडे जात. एवढे तपासणार कोण? म्हणून सरांनीच एक तपासणारा प्रोग्रॅम लिहिला. तो प्रत्येक मुलाच्या प्रोग्रॅमला तेच आकडे देई आणि आलेली उत्तरं सरांच्या उत्तरांच्या कार्डांशी ताडून पाही. एक जरी हुकलं तरी शून्य. सरांना या निःपक्षपातीपणाचा फार अभिमान होता... शोकसभेतही सगळे त्याबद्दलच बोलले.

त्या वर्षी लीप वर्ष ओळखायचा प्रोग्रॅम होता. शिराळ्याच्या एका फौजीच्या मुलाला, शिवाजीला, तेवढ्या एकट्याला शून्य मिळालं. माझं उत्तर बरोबर आहे, म्हणून तो सरांकडे गेला. सरांनी त्याला वर्गात उभं केलं. बाकी सगळे चुकले आणि तू एकटा शहाणा का, असं विचारलं. मशीनला शिराळ्याचं गणित कळत नाही, असंही म्हणाले. वर्ग हसला. मीही हसलो.

"मशीन बरोबर हाय सर," तो म्हणाला. "कार्ड चुकलंय. एकोणीसशे साल लीप न्हाई. शंभराचं साल हाय, त्याला चारशेनं भाग जायला हवा, तो जात न्हाई."

सरांनी त्याला बाहेर काढलं.

ते कार्ड सरांच्या अक्षरावरून मीच पंच केलं होतं. संध्याकाळी जुनं पंचांग घेऊन त्यांच्या घरी गेलो. एकोणीसशेचा फेब्रुवारी अठ्ठावीस दिवसांचा. सरांनी ते पान बराच वेळ पाहिलं.

"त्याचं बरोबर करायचं म्हणजे बाकी सगळ्यांचं चूक करायचं," ते म्हणाले. "निकाल लागलाय."

माझी नेमणूक अजून कायम व्हायची होती. पंचांग पिशवीत घालून मी परत आलो. शिवाजी नापास झाला आणि पुन्हा कॉलेजात आला नाही. भरती झाला, असं कुणीतरी सांगितलं... मी चौकशी केली नाही. पुढच्या वर्षी कार्ड बदलू का, म्हणून सरांना विचारलं. राहू दे, म्हणाले. तोवर मुलांमध्ये पसरलंच होतं की लिमयेसरांकडे एकोणीसशे साल लीप असतं. त्यानंतर त्या प्रश्नात कुणी नापास झालं नाही.

सर जाण्याआधीच्या रविवारी त्यांना भेटायला साताऱ्याला गेलो तेव्हा सरांचा आवाज बसला होता. त्यांनी मला जवळ बोलावलं.

"तो शिराळ्याचा मुलगा... नाव काय रे त्याचं?"

"आठवत नाही, सर," मी म्हणालो.

त्यांनी आणखी दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा तेच सांगितलं.

आता तो वर्ग माझ्याकडे आहे. मी कायम झालो आहे. उत्तरांचा गठ्ठा कपाटात आहे, आणि एकोणीसशेचं कार्ड त्यात जसंच्या तसं आहे.