शेवटच्या ताऱ्याची ड्युटी

"राग घेऊन आला काय बे?"

एसटी डेपोतल्या खिडकीतून साहेब प्रत्येक ड्रायव्हरला हे विचारायचे. लॉगशीट त्यांच्या हातात, आपला हात पुढे, आणि मध्येच हा प्रश्न. घरून भांडून आलेल्या माणसाचा चेहरा लपत नाही. मग लॉगशीट परत आत जायची. "बस बाकड्यावर. राग उतरव, मंग गाडी ने." गाडी दहा मिनिटं उशिरा सुटली तर वर उत्तर मी देईन म्हणणारा वाहतूक नियंत्रक मी तरी दुसरा पाहिला नाही. त्या बाकड्यावर सगळ्यात जास्त बसलेला ड्रायव्हर म्हणजे मी. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो. हे लिहितानाही आहे, आणि तो साहेबांवरच आहे.

अकोटच्या त्या खिडकीत त्यांनी एकतीस वर्षं काढली. रोज शेकडो माणसं गावोगावी पाठवली आणि स्वतः नागपूरच्या पुढे कधी गेले नाहीत. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. सगळे रस्ते तोंडपाठ, आणि चप्पल मात्र घर ते ऑफिस एवढीच झिजलेली.

रिटायर झाल्यावर ते अमरावतीला, राजापेठेत मुलीकडे राहायला आले. मुलीचा कॉम्प्युटर क्लास आहे. दुपारी एक ते चार पोरं नसतात, मशीनं नुसती पडून असतात. जावयाने एकदा त्यांना गंमत म्हणून अंतराळाचा एक खेळ दाखवला. आपलं एक जहाज असतं, ते एका ताऱ्यावरून दुसऱ्या ताऱ्यावर उडी मारतं. तारे कोट्यवधी. जावयाला वाटलं म्हातारा दोन मिनिटं पाहील आणि उठेल. साहेबांनी नकाशा पाहिला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "हे तं रूट चार्ट हाये."

मीही तोवर नोकरीतून मोकळा होऊन अमरावतीत राहत होतो. चार दिवसांनी त्यांचा फोन आला. "गावंडे, रिकामा हायेस ना? मंग ये. गाडी देतो तुले." दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसायला लागलो. साठी उलटलेले दोन बाप्ये, पोरांच्या क्लासात, दुपारी एक वाजता. हसा खुशाल, आम्हालाही हसू यायचं.

खेळात मशीन स्वतःच रस्ता काढून देतं. एक बटण दाबलं की इथून तिथवर पिवळी रेघ. साहेबांचा त्या रेघेवर काडीचा विश्वास नव्हता. "त्याले काय समजते? त्याले फक्त जवळचा रस्ता दिसते. पंप कुठं हाये हे कोन पाहील?" काही ताऱ्यांच्या जवळून गेलं की जहाजाची टाकी भरते, काहींच्या जवळ थेंबही मिळत नाही. पहिल्या जातीच्या ताऱ्यांना ते पंप म्हणायचे. मोठ्या रजिस्टरवर रकाने आखून एकेक उडी लिहायचे: थांबा, अंतर, पंप, विश्रांती, शेरा. आणि परतीचा रस्ता आधी लिहायचे, जायचा नंतर. "कागदावर नाई ते रस्त्यावर नाई," असं म्हणून रजिस्टर बंद करायचे.

लहान फेऱ्या बऱ्याच झाल्या. मग त्यांनी शेवटचा तारा काढला. आकाशगंगेच्या पार काठावरचा, ज्याच्या पुढे काहीच नाही. तिथून मागे वळून पाहिलं की सगळी आकाशगंगा एका नजरेत दिसते, असं जावयाने सांगितलं होतं. साहेबांनी ते मनावर घेतलं. "जलमभर खिडकीतून एकेक गाडी पाह्यली गावंडे. एकदा सगळा रूट एका नजरेत पाह्यचा हाये."

आता जे मला तेव्हा माहीत नव्हतं ते तुम्हाला आधीच सांगून टाकतो. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू होता. डावा जवळजवळ गेलेला, उजवा किती दिवसांचा सोबती हे डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं. मुलीला त्यांनी शपथ घातली होती, गावंडेला सांगायचं नाही. मी शेजारी, दीड हातावर बसत होतो. ते मान वाकडी करून पडद्याकडे पाहायचे, तेव्हा मला वाटायचं मान अवघडली असेल. चहाच्या कपाच्या बाजूला हात जायचा, तेव्हा मी हसायचो. हसायचो मी, काय सांगू तुम्हाला.

दिवाळी झाल्यावर निघालो. दोघांची दोन जहाजं, ते पुढे, मी मागे. रजिस्टरचं एक पान त्यांच्याकडे, एक माझ्याकडे. रोज बसताना तोच प्रश्न, "राग घेऊन आला काय बे?" आणि माझं "नाई" ऐकल्यावरच जहाज सुरू करायचं. संक्रांत होऊन गेली तेव्हा ते शेवटच्या ताऱ्यापासून अकरा उड्यांवर होते. दोन तासांचं काम राहिलं होतं.

त्या दिवशी राजापेठेच्या चौकात एका स्कूटीवाल्याने माझ्या सायकलला घासलं आणि वर मलाच अक्कल शिकवली. भर बाजारात तमाशा झाला. तणतणत क्लासात पोचलो. साहेबांनी विचारलं. मी म्हणालो, "नाई, राग कायचा?" त्यांनी माझ्या आवाजाकडे कान दिला. एरवी ते चेहरा पाहून ओळखायचे. त्या दिवशी त्यांना चेहरा दिसला नसणार, हे मला फार उशिरा कळलं.

पानावर एका पंपासाठी मोठा वळसा लिहिला होता. मशीनची पिवळी रेघ सरळ जात होती, नऊ उड्या कमी. माझं डोकं फिरलेलं होतंच. म्हटलं, कशाला पाहिजे वळसा? मारल्या उड्या. पाचव्या उडीला टाकी संपली. आजूबाजूला एकही पंप नाही. जहाज काळोखात उभं.

"साहेब, मी अडकलो," मी म्हणालो. "काही नाई, बटन दाबतो. जहाज फुटते अन् मी घरी पोचतो." खेळात तशी सोय आहे. प्रवासात नोंदवलेलं सगळं जातं, बाकी काही होत नाही.

साहेबांनी स्वतःच्या कीबोर्डवरून हात उचलला. "हात लावू नको त्या बटनाले," ते म्हणाले. "ब्रेकडाउन गाडी सोडून ड्रायव्हर पळत नसते. पान पाह्यलं नाई काय तू?" मी पान उलटं करून ठेवलं. "रागात होतास." मग चार वाजेपर्यंत ते रजिस्टरची मागची पानं उलटत बसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवीन पान आखलं. दुसऱ्या जहाजाला इंधन द्यायचं तर एक खास यंत्र बसवावं लागतं, आणि ते मिळणारं ठिकाण फार मागे होतं. तिथवर परत जायचं, यंत्र बसवायचं, मग माझ्यापर्यंत यायचं. तीन आठवड्यांचं काम.

मी हात जोडले. "साहेब, अकरा उड्या राहिल्या तुमच्या. आधी पाहून तं घ्या. मंग या मले न्याले. मी काय उपाशी मरून राहिलो काय इथं? तुमच्या बाजूले बसून चिवडा खाऊन राहिलो."

"रस्त्यात गाडी बंद असली तं पुढची गाडी मुक्कामाले जात नाई."

"गाडी कुठं हाये साहेब? खेळ हाये तो."

"तू हायेस ना त्या गाडीत," ते म्हणाले आणि त्यांनी जहाज मागे वळवलं.

तुम्हीच सांगा, अशा माणसावर रागवायचं नाही तर काय करायचं? उजवा डोळा रोज थोडा थोडा जात होता हे त्यांना माहीत होतं. दोन तास दिले असते तर जन्माची इच्छा पुरी झाली असती. एक शब्द बोलले असते, गावंडे, डोळे चालले माझे, तर मी ते बटण दाबलं असतं, त्यांच्या हातावर चापट मारून दाबलं असतं. सांगितलं नाही. नियम पाळला. एकतीस वर्षं पाळलेला नियम पोरांच्या खेळात पाळला आणि मला आयुष्यभर दोषाचा धनी करून ठेवलं.

तीन आठवड्यांनी त्यांचं जहाज माझ्या जहाजापाशी आलं. इंधन आलं, माझी टाकी भरली. मी टाळी वाजवली. त्यांनी नुसती मान हलवली. तिथून पुन्हा पुढे निघालो, या वेळी ते मला एकटं सोडेनात, प्रत्येक उडी बरोबर. होळीच्या सुमारास आम्ही त्याच जागी आलो, अकरा उड्या अलीकडे.

त्या दुपारी ते खुर्चीवर बसले, माउस हातात घेतला आणि पडद्यासमोर मान आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला वळवली. मग हळू आवाजात म्हणाले, "गावंडे, समोर काय हाये?"

समोर अख्खा पडदा भरून निळा तारा होता. त्या उजेडाने त्यांचा शर्ट निळा झाला होता.

त्या दिवशी त्यांच्या मुलीने मला सगळं सांगितलं. मी तिच्यावरही ओरडलो, बिचारीवर. मग साहेबांजवळ आलो आणि म्हणालो, "मी चालवतो तुमची गाडी. तुमी बसा, मी सगळं सांगतो. काय दिसते, कसं दिसते, सगळं."

"मले आयकाचं नव्हतं," ते म्हणाले. "पाह्यचं होतं." आणि भिंतीला हात लावत आत गेले. त्यानंतर ते क्लासात आले नाहीत. मी जायचो, त्यांच्या खोलीत बसायचो, डेपोच्या गोष्टी निघायच्या. खेळाचं नाव दोघांनीही काढलं नाही. भर उन्हाळ्यात एका पहाटे ते झोपेतच गेले.

तेरवीच्या दिवशी मुलीने ते रजिस्टर माझ्या हातात दिलं. "काका, शेवटचं पान पाहा. डोळे गेल्यावर लिहिलं बाबांनी. मले विचारू विचारू लिहिलं, पन पेन स्वतःच धरला."

अक्षरं एकमेकांवर चढलेली, रेघा सोडून खाली उतरलेली. अकरा थांबे, एकेक उडी, तीन ठिकाणी पंप. परतीचा रस्ता त्यांच्या सवयीप्रमाणे आधी लिहिलेला. गाडी: त्यांची. चालक: गावंडे. मला न विचारता ड्युटी लावून गेले. आणि शेऱ्याच्या रकान्यात, बोटाएवढ्या मोठ्या अक्षरांत: राग उतरल्यावर.

त्यांचं जहाज अजून तिथंच उभं आहे, अकरा उड्या अलीकडे. मी रोज एक वाजता क्लासात जातो, त्यांच्या खुर्चीवर न बसता माझ्या खुर्चीवर बसतो. साहेबांची मुलगी मशीन सुरू करून देते. रजिस्टर उघडून मांडीवर ठेवतो. मग ती दारातून विचारते, "काका, उतरला काय?"

मी म्हणतो, "नाई."

ती मशीन बंद करते आणि चहा टाकायला जाते.